ऐकून घेतल्याचं देणं

मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना बेसमेंटचं महत्त्व सांगायला नको. नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला की मार्च संपेपर्यंत अंगण फक्त खिडकीतून बघायचं. पोरांचे वाढदिवस, मंडळाच्या नाटकाच्या तालमी, पॉटलक, सगळं जमिनीखाली. त्यामुळे आमच्या नोव्हायमध्ये कुणी बेसमेंट फिनिश करून घेतलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: होम थिएटर करणार का? आणि त्याच्या पुढचा: स्पीकर कुठले?

तुम्हीही या प्रश्नातून गेला असाल, नाहीतर जाणार असाल. म्हणून आधी कामाचं सांगते आणि मग ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. दुसरं पहिल्यातूनच निघालेलं आहे.

आमचं बजेट होतं बाराशे डॉलर. नवऱ्याला हवा होता दणका. मला हवे होते संवाद. माझं कारण आई. ती मिरजेहून दर दोन वर्षांनी सहा महिन्यांसाठी येते. वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचा आवाज त्याच्या पाठीकडून भिंतीवर आपटून येतो. जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज त्यावर लावली की आई दर दोन वाक्यांनी विचारायची, "काय म्हणाला गं तो?" मागच्या खेपेला तिने विचारणं बंद केलं. मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की आम्ही हसलो की ती हसतेय, आमच्या मागून, अर्ध्या सेकंदाने.

तर मी शोधायला लागले. कुठल्याही इंजिनिअरप्रमाणे आधी स्प्रेडशीट केली. तीन आठवडे वाचून माझ्याकडे एकोणीस मॉडेल्स उरली आणि डोकं पार भंजाळलं. तेव्हा ऑफिसातल्या एकाने सांगितलं, "वाचून आवाज कळतो का? जाऊन ऐक." आणि नोव्हायपासून अर्ध्या तासावरच्या एका दुकानाचा पत्ता दिला.

दुकान लहान होतं. मालक सत्तरीकडे झुकलेले. शनिवारची सकाळ, दुसरं गिऱ्हाईक नाही. मी म्हटलं, पाच स्पीकर आणि एक सबवूफर घ्यायचाय, बाराशेत बसवायचंय, ऐकायला मिळेल का? त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. खोली किती बाय किती? छत किती उंच? कोचाची पाठ भिंतीला टेकते का? बघणार काय, लढाया की माणसं? मी म्हटलं, माणसं. आणि आईचं सांगितलं.

पुढचे दोन तास त्या गृहस्थांनी मला जे शिकवलं, ते तुम्हांला थोडक्यात देते.

पहिलं: सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. आपण मात्र सर्वांत कमी पैसे त्याच्यावर घालवतो, कारण तो टीव्हीखाली लपलेला असतो आणि पाहुण्यांना दिसत नाही. बजेट कमी असेल तर आधी समोरचे तीन चांगले घ्या, एकाच घराण्यातले, म्हणजे आवाज डावीकडून उजवीकडे गेला तर त्याचा पोत बदलत नाही. मागचे दोन साधे, अगदी वापरलेलेसुद्धा चालतात. त्यांच्या वाट्याला पाऊस आणि टाळ्या याच्यापलीकडे फारसं काही येत नाही.

दुसरं: उंच, जमिनीवर उभे राहणारे टॉवर दिसायला रुबाबदार. पण साधारण 80 हर्ट्झच्या खालचा घुमारा सबवूफरकडे सोपवणार असाल, तर मध्यम खोलीत फळीवर मावणारे छोटे स्पीकर पुरतात. बाकीचे पैसे लाकडाचे.

तिसरं: वॉटच्या आकड्याला भुलू नका. एक स्पीकर तेवढ्याच विजेत 85 डेसिबल देत असेल आणि दुसरा 88, तर पहिल्याला दुसऱ्याइतकं वाजवायला दुप्पट ताकद लागते. आकडा अॅम्प्लिफायरचा बघायचा नसतो, जोडीचा बघायचा असतो. लग्नासारखंच.

चौथं: खोली हा सातवा स्पीकर. आठ फुटी छताच्या बेसमेंटमध्ये जमीन आणि छत यांच्यामध्ये साधारण 70 हर्ट्झची लहर अडकून बसते. लांबी-रुंदीच्या आणखी वेगळ्या. म्हणून तोच सबवूफर एका कोपऱ्यात ढोलासारखा आणि दुसऱ्या जागी मुका वाटतो. उपाय फुकट आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि खोलीभर रांगत फिरायचं. जिथे घुमारा स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर न्यायचा. (माझं हे रांगणं बघून आई म्हणाली, तू दहा महिन्यांची असताना अशीच रेडिओकडे जायचीस.)

पाचवं सगळ्यांत महत्त्वाचं. त्यांनी दोन जोड्यांवर पातळ काळं कापड टाकलं, आवाजाची पातळी सारखी केली आणि म्हणाले, आता ऐका. मला डावीकडची जोडी आवडली. कापड काढलं तर ती जवळपास निम्म्या किमतीची निघाली. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी 1994 साली हेच प्रयोगाने दाखवलं होतं: स्पीकर समोर दिसत असताना लोकांनी दिलेली पसंती आणि न बघता दिलेली पसंती वेगवेगळी पडते. आकार, किंमत, नाव हे डोळ्यांतून कानात उतरतं. आणि ज्यांना आपण तयार कानाचे म्हणतो, तेही यातून सुटत नाहीत.

शेवटी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, तुम्हांला सातची गरज नाही, छतातल्या स्पीकरची तर नाहीच. पाच घ्या, हेच स्वस्तातले घ्या, आणि वायर साधी सोळा गेजची तांब्याची घ्या, महागडी घेऊ नका.

मी त्यांचे आभार मानले, मॉडेलचे नंबर लिहून घेतले, गाडीत येऊन बसले आणि त्यांच्याच पार्किंग लॉटमध्ये फोनवरून तेच स्पीकर ऑर्डर केले. एकशे चाळीस डॉलर वाचले. मंगळवारी खोका दारात होता.

मला लिहायचं होतं ते इथून पुढचं.

आई आली. तिला खाली नेऊन बसवलं, तिच्या आवडीचं नाटक लावलं. दहा मिनिटांत ती आमच्या आधी हसली. तुम्हांला सांगते, बाराशे डॉलरमध्ये मी आजवर घेतलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट. मग कौतुकाने मी तिला सगळी हकिकत सांगितली. दुकान, कापड, रांगणं, आणि एकशे चाळीस डॉलर कसे वाचवले तेही. आई मिरजेची म्हटलं ना. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली दहा मिनिटांवर. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून, तारेखाली दोरा सरकवून जवारी काढणारे कारागीर तिने जन्मभर पाहिलेत. तासन् तास ऐकत बसावं लागतं तेव्हा कुठे तार बोलते. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे जवारी त्याच्याकडनं काढून घेतलीस आणि तंबोरा दुसरीकडनं आणलास की."

बस, एवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सगळेच करतात. खरंय. पॉटलकमध्ये असल्या गोष्टी आपण शौर्यकथेसारख्या सांगतो. सुपर बोलसाठी आणलेला टीव्ही सोमवारी परत केल्याची गोष्टही मी ऐकली आहे आणि हसलेही आहे. त्या टीव्हीचं सोपं आहे: वापरायचं ठरवून घेतला आणि वापरला नाही असं भासवून परत दिला, ते खोटंच. माझं तसं नव्हतं. मी कुणाशी खोटं बोलले नाही, काही उचललं नाही, नियम मोडला नाही. मग बोचतं ते काय? मी स्वतःची वकिली करून पाहिली. तुम्हीही करून पाहा.

पहिला मुद्दा: दुकान उघडलं म्हणजे येणारा प्रत्येक जण विकत घेणारच असं नसतं. लक्ष्मी रोडवर चाळीस साड्या उलगडायला लावून आपण "पुन्हा येऊ" म्हणून उतरतो, त्याचं कुणाला पाप वाटत नाही. तो धंद्यातला धोका आहे आणि किमतीत धरलेला आहे. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये लोक बूथमध्ये उभे राहून रेकॉर्डी ऐकायचे आणि हात हलवत घरी जायचे. दुकानाने ते दशकानुदशकं चालू दिलं.

हा मुद्दा बराच खरा आहे. पण दुकानदाराने पत्करलेला धोका असा असतो की गिऱ्हाइकाला माल पसंत पडणार नाही, किंवा परवडणार नाही. साडी न घेता उतरणाऱ्या बाईचं मन दुकानात शिरताना उघडं असतं. माझं नव्हतं. ऑर्डर कुठे करायची ते घरून निघतानाच ठरलेलं होतं. "ऐकायला मिळेल का?" या माझ्या साध्या वाक्याच्या पोटात "आवडलं तर इथून घेईन" हे न बोललेलं वाक्य होतं, त्यांनी ते ऐकलं, आणि ते ऐकतील हे मला माहीत होतं. खोटं बोलायला प्रत्येक वेळी तोंड उघडावं लागतं असं नाही.

दुसरा मुद्दा: बजेट. आपल्यामागे घराचा हप्ता आहे, पोरांचं कॉलेज आहे, भारतात पाठवायचे पैसे आहेत. घरच्यांचे पैसे राखणं हेही कर्तव्य. एका अनोळखी दुकानदारासाठी ते का मोडायचं?

इथे मला माझी स्प्रेडशीट पुन्हा उघडावी लागली. बाराशे ही रेघ आकाशातून आली नव्हती, आम्हीच ओढली होती. वाचलेल्या एकशे चाळीसचं काय झालं? पॉपकॉर्नचं मशीन आलं, ते दोनदा वापरलं. ज्याला खरोखरच परवडत नाही त्याची गोष्ट वेगळी, पण त्यालाही एक सरळ वाट असते: बोलणं. "मला हे इतक्याला मिळतंय, तुम्ही किती जवळ याल?" असं विचारता येतं. मंडईत मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण, इथल्या दुकानात आपल्याला ती करायची लाज वाटते, आणि पाठीमागून स्वस्तात आणण्याची मात्र वाटत नाही. घासाघीस तोंडावर होते, समोरच्याला नाही म्हणायची संधी असते. मी ती त्यांना दिली नाही.

तिसरा मुद्दा तोच, सगळेच करतात. त्याचं उत्तर आपल्या घराजवळच आहे. अॅन आर्बरला 1971 साली सुरू झालेलं बॉर्डर्सचं पुस्तकांचं दुकान पुढे देशभर पसरलं. तिथल्या खुर्च्यांवर बसून पुस्तक चाळायचं आणि घरी येऊन स्वस्तात मागवायचं, हे आपल्यापैकी किती जणांनी केलं? 2011 मध्ये बॉर्डर्स बंद झालं. त्याची कारणं अनेक होती, आपण त्यातलं एक छोटं कारण. सगळ्यांनी चालवली तर जी वाट ज्या दुकानातून जाते तेच दुकान उरत नाही, ती वाट आपल्यापुरती तरी बरोबर कशी म्हणायची? इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात हीच कसोटी सांगितली. आपल्या आया ती "सगळ्यांनीच असं केलं तर?" या चार शब्दांत सांगायच्या.

पण इथे थांबून दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. दुकानं जगवणं हे माझं काम आहे का? नाही. कॅसेटची दुकानं गेली, व्हिडिओची गेली, ऱ्हिदम हाऊसही 2016 मध्ये बंद झालं. ज्याची गरज संपली ते जातं आणि त्याला धरून ठेवण्याचा ठेका गिऱ्हाइकाने घेतलेला नाही. "स्थानिक दुकानातूनच घ्या" हा उपदेश मला म्हणूनच पटत नाही. न ऐकता, वाचून, अंदाजाने मी ऑनलाइन मागवलं असतं तर त्या गृहस्थांचं मी काहीही लागत नव्हते. आजही तसं करणाऱ्याला मी दोष देणार नाही.

म्हणजे देणं ‘दुकाना’चं नाही. देणं त्या दोन तासांचं आहे. एका विशिष्ट माणसाने एका शनिवारी मला दिलेल्या, मी मागून घेतलेल्या दोन तासांचं.

आता चौथा मुद्दा. हा मला सर्वांत अवघड गेला. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, त्याचा मोबदला मागायचा नसतो, हे आपल्या रक्तातच आहे. आपण या देशात आलो तेव्हा विमानतळावर न्यायला आलेलं मराठी कुटुंब, त्यांनी दिलेली गादी, बँकेत खातं कसं उघडायचं इथपासून बर्फात गाडी कशी चालवायची इथपर्यंत सगळं फुकटच तर शिकलो. त्यांचं ऋण त्यांना कधी फेडलं नाही. पुढे आलेल्या पोरांना तेच देऊन फेडलं. तसंच हेही फेडता येणार नाही का? मी आतापर्यंत चार घरांच्या बेसमेंटमध्ये सबवूफर मांडून दिलेत. हा लेखही त्यातलाच म्हणा.

या मुद्द्यात मी बरेच दिवस सुखाने राहिले. मग फट दिसली. त्या मराठी कुटुंबाने जे दिलं ते देणगी म्हणून, समजून उमजून दिलं. ही पोरं परत काही देणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. दुकानदाराने दिलं ते आशेवर. देणगी पुढे सरकवता येते, कारण देणाऱ्याने तिच्यावरचा हात काढून घेतलेला असतो. आशेवर दिलेल्या गोष्टीवर मात्र देणाऱ्याचा हात अजून असतो. ती तिसऱ्याला देऊन पहिल्याची फिटत नाही. त्यांचं ज्ञान मी चार घरी वाटलं याने त्या ज्ञानाचं ऋण फिटलं असेल. त्या शनिवारचं भाडं, वीज, आणि त्यांचा वेळ यांचं नाही.

आणि एक गोष्ट मी सोयीस्करपणे विसरत होते. त्यांनी मला कमी विकलं होतं. सात नको पाच घ्या, महाग नको स्वस्त घ्या, वायर साधी घ्या. स्वतःच्या खिशाविरुद्ध ते माझ्याशी खरं बोलले होते. त्या खरेपणावर विश्वास ठेवूनच मी पार्किंग लॉटमध्ये डोळे मिटून ऑर्डर केली. त्यांच्या प्रामाणिकपणावर मी जेवढा भरवसा टाकला, तेवढा त्यांनी माझ्यावर टाकला होता. एकाचा फळला.

दीड वर्षाने मी तिथे परत गेले. घरचा सबवूफर घरघरायला लागला होता हे निमित्त, पण खरं कारण तुम्हांला कळलंच असेल. गृहस्थ तिथेच होते. मी सगळं सांगितलं, कापड, आई, पार्किंग लॉट. त्यांनी डोकं खाजवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही त्यातल्या नेमक्या कुठल्या?"

मी त्यांना आठवत नव्हते. शनिवारी येऊन नंबर लिहून नेणाऱ्यांत मी एक. मी जिचा दीड वर्ष काथ्याकूट केला ती गोष्ट त्यांच्या हिशेबात वेगळी नोंदवलेलीही नव्हती. माफी मिळाली नाही, कारण ती द्यायला त्यांच्याकडे काही पकडायलाच नव्हतं. रागही नव्हता. त्यांनी खोलीचं माप पुन्हा विचारलं, एक सबवूफर ऐकवला. ऑनलाइनपेक्षा नव्वद डॉलर जास्त होते. मी घेतला. बिल करताना ते म्हणाले, आईंना ऐकू येतं ना आता? आईचं त्यांना आठवत नव्हतं, मी नुकतंच सांगितलं होतं. तरी विचारलं.

हिशेब फिटला का? नव्वद वजा एकशे चाळीस, म्हणजे पन्नास अजून बाकी, असं माझ्यातला इंजिनिअर म्हणतो. पण पैशाने फिटण्यासारखं असतं तर ते दोन तास मी पहिल्या दिवशीच विकत घेऊ शकले असते. "ऐकवण्याचे काय घ्याल?" असं विचारता आलं असतं. तसं विचारायचं मला सुचलं नाही, कारण विचारलं असतं तर मी काय करणार आहे हे मला मोठ्याने बोलावं लागलं असतं.

म्हणून स्पीकर घेणाऱ्यांसाठी स्प्रेडशीटमध्ये मी आता एक रकाना वाढवला आहे. तुम्हीही वाढवा, पटलं तर. वाचून, न ऐकता मागवायचं असेल तर खुशाल मागवा. ऐकून घ्यायचं असेल तर ऐकवणाऱ्याकडून घ्या, किंवा शिरतानाच खरं सांगा: मी बहुधा दुसरीकडून घेईन, ऐकवण्याचे पैसे देते. नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क. आणि ते जमणार नसेल तर न ऐकताच घ्या. स्पीकर थोडे कमी चांगले निघतील एवढंच.

मध्ये एकदा आम्ही खाली ‘सैराट’ लावला होता. त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं होतं. आमच्या पाच स्पीकरनी आणि नव्या सबवूफरने ते झकास वाजवलं. पण शेवटी दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतलाय. त्या काही क्षणांत सगळे स्पीकर, महागातले काय नि स्वस्तातले काय, सारखेच. कुणी बोललं नाही. आईनेही "काय म्हणाला गं?" असं विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या तुझ्या दुकानदाराचं चालतं का गं बरं?"

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी तुला घेऊन जाते. तूच विचार.